टेसरॅक्ट बिल्ड झालं, पण 'मेक ट्रेनिंग' अडतंय. नेमकं काय कमी आहे?

वाचनालय_राजापूर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी काम करते. आमच्याकडे खिळ्यांच्या छपाईतले जुने वार्षिक अहवाल आणि स्मरणिका आहेत. पावसाळ्यात कागद दमट होऊन बुरशी धरतो, म्हणून सगळं स्कॅन करून घेतलं. टेसरॅक्ट हा स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर देणारा प्रोग्रॅम. त्याचं मराठी मॉडेल बरंचसं वाचतं, पण झिजलेल्या खिळ्यांची जोडाक्षरं आणि जुन्या वळणाचे ल, श चुकतात. म्हणून आमच्याच पानांवर त्याला थोडं शिकवायचं आहे. त्यासाठीच्या टेसट्रेन या साधनाला टेसरॅक्ट ५.३ किंवा पुढचं लागतं. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, त्यात ४.१.१ मिळतं. म्हणून गिटवरून सोर्स घेतला.

बिल्डची तयारी करणारं ऑटोजेन चालवलं तर 'एक्लोकल' सापडेना. ऑटोमेक टाकलं. मग लिबटूल नाही. मग पीकेजी-कॉन्फिग नाही. मग मशीनवर काय आहे ते तपासणाऱ्या कॉन्फिगरने लेप्टोनिका ही चित्रं हाताळणारी लायब्ररी मागितली. प्रत्येक वेळी एकच नाव कळतं, आणि प्रत्येक नावासाठी लॅपटॉप घेऊन सड्यावर जावं लागतं, कारण खाली वाडीत रेंज नाही. भर पावसात हे फार जड जातं.

आता कॉन्फिगर पूर्ण होतं, मेक होतं, टेसरॅक्ट चालतं. पण शिकवण्याची साधनं बनवायला 'मेक ट्रेनिंग' दिलं की एवढंच येतं: 'नीड टू रीकॉन्फिगर प्रोजेक्ट, सो देअर आर नो एरर्स'. कुठली एरर? कॉन्फिगर तर नीट संपलं होतं! कुणीतरी पँगो बघायला सांगितलं, पण ते उबुंटूत आधीपासून आहे.

दर्यावर्दी

ताई, पँगो आहे पण अर्धं आहे. डेस्कटॉपवर अक्षरं दाखवायला लागते ती लायब्ररी उबुंटू स्वतःच बसवतं. तिच्यावर नवा प्रोग्रॅम कंपाइल करायचा तर लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या हेडर फाइली लागतात, आणि डेबियन-उबुंटूत त्या '-डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. तुम्हाला तीन हवीत: लिबआयसीयू-डेव्ह, लिबपँगो१.०-डेव्ह आणि लिबकैरो२-डेव्ह.

लेप्टोनिकाशिवाय टेसरॅक्ट बनूच शकत नाही, म्हणून तिथे कॉन्फिगर थांबलं. ही तीन फक्त शिकवण्याच्या साधनांना लागतात. ती नसली तर कॉन्फिगर 'ट्रेनिंग टूल्स विल नॉट बी बिल्ट' अशी सूचना देऊन पुढे जातं. शेकडो ओळी सरकत असताना ती कुणाच्या नजरेला पडणार? कॉन्फिगर परत चालवा आणि या वेळी आउटपुट फाइलमध्ये साठवून शांतपणे वाचा. सविस्तर कारण कॉन्फिग डॉट लॉगमध्ये मिळतं. सड्यावर जायच्या आधी घरीच तपासता येईल: पीकेजी-कॉन्फिगला 'मोडव्हर्जन' देऊन पँगो विचारा. आवृत्तीचा आकडा आला तर हेडर आहेत, नाही आला तर नाहीत. नेट लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखादी वस्तू बसवल्यावर मागे कुठवर जायचं हे ती कोणत्या टप्प्याला लागते यावर ठरतं. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग यांच्या जोरावर कॉन्फिगर ही स्क्रिप्ट तयार होते. यातलं काही नव्याने टाकलं तर ऑटोजेनपासून सुरुवात. पीकेजी-कॉन्फिग नसताना बनलेली स्क्रिप्ट मुळातच बिघडलेली असते. ते नंतर बसवलं तरी 'पीकेजी चेक मॉड्यूल्स'पाशी सिंटॅक्स एरर येतच राहते, आणि माणूस वैतागून सोडून देतो. टेसरॅक्टवाल्यांनी ऑटोजेनमध्येच ही तपासणी ठेवली आहे, बिघडलेली स्क्रिप्ट ते पुसून टाकतात. हे मला फार आवडतं. सगळ्या प्रकल्पांनी असं करायला हवं. लायब्ररीच्या '-डेव्ह' पॅकेजांसाठी मात्र कॉन्फिगरपासून पुढे चालवलं की पुरे.

म्हणजे तुमच्यासाठी: तीन पॅकेजं, कॉन्फिगर, मेक, मेक ट्रेनिंग, मग सुडोने मेक इन्स्टॉल, मेक ट्रेनिंग-इन्स्टॉल आणि एलडीकॉन्फिग. आस्कीडॉक नाही अशी तक्रार दिसली तर सोडून द्या, त्यावाचून फक्त मॅन पानं बनत नाहीत.

एकेका नावासाठी फेरी पडू नये म्हणून सोर्सेस यादीत 'डेब-एसआरसी' ओळी चालू करून 'एपीटी बिल्ड-डेप टेसरॅक्ट' द्या. ती यादी ४.१.१ ची असते, पण लागणारं बहुतेक सगळं एका दमात येतं.

कातळशिल्प

गिटऐवजी रिलीजची तयार टारबॉल, म्हणजे सोर्सची एकत्र बांधलेली फाइल, का घेत नाही? तिच्यात कॉन्फिगर आधीच बनवलेली असते ना? नाहीतर उबुंटू २४.०४ वर ५.३.४ आहे, ट्रेनिंगच्या साधनांसकट.

दर्यावर्दी

टेसरॅक्टसाठी टारबॉलचा उपयोग नाही. गिटहबवर 'सोर्स कोड' म्हणून जी मिळते ती गिटमधल्या फाइलींचीच गठडी असते, कॉन्फिगर तिच्यात नसते. आणि प्रकल्पाने बनवून दिलेली असली तरी स्वतः तयार करणं मला पटतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरवाट सापडली. बिल्डच्या वेळी ती उघडणारी एम४ फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती.

२४.०४ चा सल्ला योग्य आहे, पण हॉटस्पॉटवर काही जीबी उतरवायचे म्हणजे परवा ताई सड्यावरच मुक्कामाला. रत्नागिरीला कुणाकडे चांगलं नेट असेल तर दुसरा मार्ग: त्यांच्या २२.०४ वर एपीटीला फक्त डाउनलोड करायला सांगा, डेब फाइली 'व्हार-कॅश-एपीटी-आर्काइव्ह्ज'मध्ये जमतात, त्या पेनड्राइव्हवर आणा. त्या मशीनवर आधीच असलेली पॅकेजं मात्र उतरत नाहीत, तेव्हा शक्यतो कोरं मशीन बघा.

वाचनालय_राजापूर

झालं! आयसीयू आणि कैरोची '-डेव्ह' नव्हतीच, आणि पँगोबद्दल तुम्ही म्हणालात तेच निघालं. शिकवण्याचं साधन 'एलएसटीएमट्रेनिंग' चालतंय. पण नवीन टेसरॅक्टला मराठी मॉडेल दिसत नाही, जुन्याला दिसत होतं.

दर्यावर्दी

तुम्ही बनवलेलं 'यूएसआर-लोकल'मध्ये बसलं, ते मॉडेल 'यूएसआर-लोकल-शेअर-टेसडेटा'त शोधतं. फाइल तिथे ठेवा किंवा टेसडेटा_प्रिफिक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुन्या जागेकडे वळवा. आणि पुढे शिकवायला 'टेसडेटा-बेस्ट'मधलंच मराठी मॉडेल घ्या, 'फास्ट'वालं पुढे शिकवता येत नाही.

एक विनंती. 'मेक ट्रेनिंग' अडलं तेव्हा संदेशात हरवलेल्या लायब्ररीचं नाव असतं तर तुमची निदान एक फेरी वाचली असती. हे त्यांच्याकडे इश्यू म्हणून नोंदवा: उबुंटूची आवृत्ती, आलेला संदेश, आणि त्यात काय लिहिलेलं असायला हवं होतं.

वाचनालय_राजापूर

नोंदवते. इंग्रजी मसुदा आज रात्री इथे टाकते, वीज राहिली तर. कुणीतरी एकदा नजरेखालून घाला.

कातळशिल्प

टाका, मी बघतो.