महिन्याला पंधरा पानं छापणाऱ्यांनी इंक टँकच्या नादी लागू नये

मुक्ता_ठाणे:
घरी प्रिंटर घ्यायचाय म्हटलं की दुकानदारापासून भावोजींपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद: बाटलीने शाई भरायचा इंक टँक घ्या, पानाला दहा-वीस पैसे पडतात. माझं मत उलट आहे. ज्यांच्या घरी महिन्याला जेमतेम पंधरा पानं छापली जातात त्यांनी साधा काळा-पांढरा लेझर घ्यावा, आणि रंगीत पान लागलंच तर झेरॉक्सच्या दुकानातून आणावं.

पानाला किती पैसे, हा हिशेब रोज छापणाऱ्याचा. एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या शाईची ६५ मिलीची बाटली कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ४,५०० पानं देते. महिन्याला पंधरा म्हणजे वर्षाला १८०. एक बाटली संपवायला पंचवीस वर्षं! तोवर ना तो प्रिंटर राहील ना त्याचा ड्रायव्हर. वर्कशीट मागणारी मुलगी तेव्हा स्वतः नोकरी करत असेल.

खरा प्रश्न आहे तो प्रिंटर न छापता नुसता पडून असतो त्या दिवसांचा. शाई ओली, आणि ती उडते हेडच्या केसाहून बारीक छिद्रांतून. एप्रिल-मेत सगळे गावी गेले, प्रिंटर दीड-दोन महिने बंद राहिला, की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते आणि अक्षरांवर आडवे पांढरे पट्टे यायला लागतात. मग हेड क्लीनिंग. क्लीनिंग म्हणजे शाई खेचून आतल्या पॅडमध्ये जिरवणं. छापण्यापेक्षा धुण्यातच शाई जास्त जाते. लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची कोरडी पूड. त्यात वाळण्याजोगं काही नसतंच. गणपतीत छापा, मग थेट शिमग्याला छापा, पान तसंच येतं.

आणि आपण छापतो तरी काय? भाडेकरार, विम्याचे फॉर्म, सातबारा, सोसायटीची नोटीस. यात रंग कुठे लागतो?

निळीबाटली:
ताई, तुमच्या शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप फारच सज्जन दिसतोय. आमच्याकडे रात्री साडेनऊला निरोप येतो, "उद्या सूर्यमालेचं रंगीत चित्र आणावे." त्या वेळी कोणता झेरॉक्सवाला उघडा असतो? लेझरवर काळा गुरू आणि राखाडी शनी छापून देऊ का पोराला?

दुसरं म्हणजे स्कॅनर. इंक टँकमध्ये बाराएक हजारांत प्रिंट, स्कॅन, कॉपी तिन्ही येतं. लेझर स्कॅनरसकट घ्यायचा तर निदान तीन-चार हजार जास्त मोजा. सासऱ्यांच्या आजारपणात मेडिक्लेमची बिलं आम्ही घरीच स्कॅन करून पाठवली, दर वेळी जिना उतरावा लागला असता तर कठीण होतं.

राहिली वाळण्याची गोष्ट. दर रविवारी एक रंगीत पान काढायचं आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या स्वतःच्या बटणाने. लोक भिंतीवरचा स्विच मारतात. हेड मध्येच उघडं राहतं आणि नाव इंक टँकचं खराब होतं.

मुक्ता_ठाणे:
दर रविवारी एक पान काढायचं लक्षात ठेवा, गावी गेलो तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन पान काढायला सांगा. प्रिंटर आपल्यासाठी आहे की आपण प्रिंटरसाठी?

निळीबाटली:
वर्षाची बावन्न पानं, कागदासकट शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढं जमत नसेल तर घरात तुळसही लावू नका.

टोनरपूड:
प्रिंटर दुरुस्ती हाच माझा धंदा, कोल्हापुरात. तेव्हा दोघींनाही थोडं थोडं नाराज करतो.

"हेड गेलंय" म्हणून इंक टँक आला की मी आधी हेड बाजूला सरकवून कॅप बघतो. काम संपल्यावर हेड ज्यावर जाऊन बसतं ती रबरी कडेची छोटी डबी. कडेवर वाळलेल्या शाईचा जांभळट-काळा चिकट थर असतो आणि त्यात हमखास एखादा केस, कागदाचा भुगा नाहीतर घरच्या मांजराची लव अडकलेली असते. कड नीट टेकत नाही, हवा आत जाते, हेड वाळतं. डिस्टिल्ड वॉटरने कॅप पुसली, एक-दोन क्लीनिंग मारली, की बऱ्याचदा पान स्वच्छ येतं. म्हणजे निळीबाटली म्हणतात तसं हेड नीट झाकलं न जाणं हाच खरा आरोपी आहे. पण मुक्ताताईंचं हेही खरं की ज्या घरात महिन्याला पंधरा पानं निघतात, त्या घरात रविवारचं पान दोन महिन्यांनी बंद पडतं. माझ्याकडे येणारी बरीचशी मशिनं अशाच घरांतली.

आता हेडबद्दल. एप्सन आणि ब्रदर पिएझो पद्धतीने, म्हणजे शाईवर दाब देऊन थेंब उडवतात. हेड मशिनलाच जोडलेलं असतं, बदलायचं तर खर्च ऐकून लोक नवं मशिनच बघायला लागतात. एचपी आणि कॅननमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरावर थेंब उडतो. कॅननच्या जी मालिकेत हेड सुटं काढून घरच्या घरी बदलता येतं. कार्ट्रिजवाल्या, म्हणजे शाईची डबीच बदलायच्या, स्वस्त इंकजेटमध्ये तर बहुतेकदा हेड कार्ट्रिजवरच असतं, म्हणजे नवं कार्ट्रिज घातलं की हेडही नवं. म्हणून वर्षातून दोन-चारदा छापणाऱ्याला मी सांगतो की टँकपेक्षा हे जुन्या पद्धतीचं कार्ट्रिज बरं. पानाला पाच-सात रुपये पडले तरी पडू देत. गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं, पण हिशेब बसतो.

लेझरवाल्यांनीही फार हुरळू नये. नव्या मशिनसोबत बहुतेकदा अर्धवट भरलेला टोनर देतात, तो सातशे पानांतही संपू शकतो. पानांचा छापील आकडा पानावर साधारण पाच टक्के काळं धरून काढलेला असतो, सातबाऱ्याच्या चौकटी त्याहून जास्त खातात. नव्या काही मॉडेलांत टोनरला चिप असते, बाहेरून भरून आणला तरी मशिन "टोनर संपला" म्हणून अडून बसतं. एचपीचा लेझरजेट एम १००५ आणि कॅनन एलबीपी २९०० यांना ती भानगड नाही. तहसील कचेरीसमोर दाखले काढून देणाऱ्यांच्या टेबलांवर आजही तीच मशिनं दिसतात, ती काय उगाच नाही.

कुडाळचो:
ठाण्या-कोल्हापुराची चर्चा चाललीय, थोडं कोकणातलंही ऐका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागद इतका दमट होतो की लेझरच्या आत दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरमधून तो वळकटी होऊन बाहेर येतो, नाहीतर आतच अडकतो. रीम उघडी ठेवायची सोय नाही, धान्याच्या डब्यात ठेवतो. उलट शाई इथल्या हवेत लवकर वाळत नाही.

आणि वीज? लेझरचा हीटर तापताना सातशे-आठशे वॉट सहज ओढतो, कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसवर लावला की यूपीएस बोंबलायला लागतो. इंकजेटला छापताना पंधरा-वीस वॉट पुरतात. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर पान निघतं. आमच्यासाठी इंक टँकच. लेझर घाटावर ठेवा.

मुक्ता_ठाणे:
विजेचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. लेझर यूपीएसवर लावू नका असं कंपन्याही सांगतात. पण दमट कागद इंकजेटमध्येही दोन-दोन एकदम ओढला जातो, आणि त्यावर शाई फुटते ती वेगळीच. धान्याचा डबा दोन्हीकडे लागणार.

झेरॉक्स_जिंदाबाद:
मुक्ताताई, तुमचाच हिशेब तुमच्यावर उलटवतो. वर्षाला १८० पानं, दुकानात पानाला पाच रुपये, म्हणजे ९०० रुपये. प्रिंटर बारा हजारांचा. नुसती किंमत वसूल व्हायला तेरा वर्षं, त्यात टोनर, कागद, वीज धरलेलीच नाही. शिवाय दोन बीएचकेत त्याला जागा, वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर इस्त्रीचे कपडे. प्रिंटर घेऊच नका. दुकानदाराचंही घर चालतं.

मुक्ता_ठाणे:
याच उत्तराची वाट बघत होते. दुकानात तुम्ही पान छापता कसं? त्याच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवून. परवा आमच्या इथल्या दुकानात माझी फाइल शोधताना त्याने स्क्रीन खाली सरकवली. एकाखाली एक लोकांची आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, कुणाचा तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट. नावासकट, मोबाइल नंबरासकट. मागे रांगेतली चार माणसं बघतायत. दुकानदार वाईट नाही, त्याला डिलीट करायला वेळ नाही.

२०२२च्या मे महिन्यात आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड, म्हणजे शेवटचे चार सोडून बाकी आकडे झाकलेलं, आधार द्या आणि सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड केलंच तर सगळ्या प्रती पुसून टाका. गोंधळ झाला म्हणून सरकारने दोन दिवसांत ती मागे घेतली, पण शेवटचा सल्ला आजही शहाणपणाचा आहे. तेरा वर्षांच्या हिशेबात याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

झेरॉक्स_जिंदाबाद:
पेन ड्राइव्ह न्या, फाइल थेट त्यावरून छापून घ्या, कॉपी केलीच तर रिसायकल बिनसकट समोर पुसून घ्या. मास्क्ड आधार छापा. यासाठी बारा हजार? आणि गंमत म्हणजे तुमच्या मूळ धाग्यात रंगीत पानं तुम्ही त्याच दुकानात पाठवताय.

मुक्ता_ठाणे:
शनीचं चित्र कुणी चोरलं तर चोरू दे.

निळीबाटली:
:) हे मात्र पटलं. पण शनी रात्री साडेनऊलाच लागतो.

सबमिशनग्रस्त:
दादा-ताई, मी पुण्यात रूमवर राहतो, चौघांत मिळून प्रिंटर घ्यायचाय. सबमिशनच्या आठवड्यात शे-दोनशे पानं, एरवी काहीच नाही. सेकंडहँड एलबीपी २९०० पाच हजारांत मिळतोय. घ्यावा का? रंग नकोय.

टोनरपूड:
तुमच्यासारख्यांसाठीच ते मशिन आहे. पण आधी दोन गोष्टी समजून घ्या. त्याला वायफाय नाही, मोबाइलवरून थेट छापणार नाही, केबल लावून लॅपटॉप लागेल. आणि तो लॅपटॉप विंडोजचा असलेला बरा, मॅक किंवा लिनक्सवर ड्रायव्हरची कटकट होते. पाठपोट पानंही हाताने उलटावी लागतील. कॉलेजला दोन्ही बाजूंनी छापलेलं चालत असेल आणि बजेट वाढवता येत असेल तर ब्रदरचा एचएल-एल२३२१डी बघा, पाठपोट आपोआप होतं. त्यात टोनर २,६०० पानांचा आणि ड्रम, म्हणजे पूड कागदावर उतरवणारा रूळ, वेगळा, १२,००० पानांचा.

२९०० बघायला जाताना स्वतःचा कागद न्या आणि सलग वीसेक पानं काढा. पहिल्याच पानावर समाधान मानू नका, मशिन तापल्यावर दुखणं बाहेर येतं. ठरावीक अंतरावर तोच ठिपका पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रमवर ओरखडा आहे. तो कार्ट्रिजमध्येच असतो, कार्ट्रिज बदललं की गेला, तेवढे पैसे भावातून कापून घ्या. छापलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवा, पूड हाताला आली तर फ्युजर, म्हणजे पूड तापवून कागदाला चिकटवणारा भाग, कमजोर झालाय, तिथून निघून या. कागद ओढताना रोलर नुसता घसरत असेल तर घाबरू नका, तो रबरी रोलर स्वस्तात बदलून मिळतो, पण विकणाऱ्याला ते सांगू नका. पाच हजार जास्त आहेत, साडेतीनपासून सुरुवात करा.