कुत्र्यांसाठीच्या कृत्रिम गवतात भर कोणती घालावी : वाळू, रबर की झिओलाइट?

हिंदवाडी_मुधोळवाला (बेळगाव)

नमस्कार मंडळी. घरामागे २० बाय १२ फुटांची मोकळी जागा आहे आणि तिथे दोन कुत्री असतात. एक मुधोळ, दुसरी गावठी. पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल पार स्वयंपाकघरापर्यंत येतो, म्हणून ३५ मिलिमीटर पात्यांचे कृत्रिम गवत घालायचे ठरवले आहे. बॉक्स क्रिकेटची मैदाने करणारा एक कंत्राटदार नेहमीप्रमाणे खाली वाळू आणि वर काळे रबराचे दाणे सुचवतो. दुसरा म्हणतो की घरगुती गवतात भर, म्हणजे पात्यांच्या मधे ओतायचे दाणे, लागतच नाही. तिसऱ्याने झिओलाइट हे सच्छिद्र खनिज सुचवले आहे, पण त्याचा दर ऐकून मी थबकलो. लघवीच्या वासाच्या दृष्टीने नेमके काय घालावे आणि पुढे त्याची निगा कशी राखावी, हे जाणकारांनी सांगावे.

टर्फवाला_शहापूर (बेळगाव)

रबराचे दाणे खेळाच्या मैदानासाठी असतात, पडल्यावर मार कमी बसावा म्हणून. कुत्र्यांच्या जागेत त्यांचा काही उपयोग नाही. काळे असल्यामुळे ते एप्रिलच्या उन्हात फार तापतात, वास धरून ठेवतात आणि पिल्ले ते चघळतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकविषयी जे नियम केले, त्यांत असे दाणे भर म्हणून विकण्यावरही मुदत देऊन बंदी घातली आहे. भर अजिबात न घालणे हाही उपाय नव्हे, कारण भरीच्या वजनानेच गवत जागेवर बसते आणि पाती उभी राहतात.

आपल्याकडे बांधकामाची एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) कुठेही मिळते आणि गवंडी तीच टाकू पाहतात. ती घेऊ नये. तिचे कण टोकदार असतात आणि त्यांतली बारीक भुकटी खाली बसून गवताच्या पाठीची, म्हणजे खालच्या थराची, निचऱ्याची भोके बुजवते. धुतलेली, वाळवलेली, गोल कणांची, साधारण ०.५ ते १ मिलिमीटरची सिलिका वाळू मागावी. चौरस फुटाला अर्धा ते एक किलो लागते, म्हणजे तुमच्या २४० चौरस फुटांना १२० ते २४० किलो. पसरताना तोंडावर चांगला मास्क हवा, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक आहे. त्या दिवशी कुत्र्यांनाही लांब बांधावे.

आता झिओलाइट. लघवीतल्या युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि नाकाला झोंबतो तो हाच अमोनिया. वाळू काहीच शोषत नाही, लघवी तिच्या कणांवर पातळ थर धरून राहते. झिओलाइट मात्र आपल्यातले सोडियम सोडून अमोनियम पकडते. ही क्षमता संपली की ते नुसते खडे उरतात. मग मिठाचे पाणी देऊन सोडियम परत भरावे लागते. ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत आणि वर्षाने ‘झिओलाइट फसवे निघाले’ अशी तक्रार येते. कोळंबी-मत्स्यशेतीसाठी मिळणारी झिओलाइटची पूड मात्र इथे चालणार नाही, दाणेदारच हवे. सगळीकडे घालण्याचीही गरज नाही. कुत्री भिंतीच्या कडेला आणि ठरावीक कोपऱ्यात जातात. तेवढ्या पट्ट्यात वाळूत मिसळून घालावे.

तरीही माझ्या मते भरीपेक्षा निचऱ्यावर पैसे खर्च करणे शहाणपणाचे आहे. आपली तांबडी माती दाबली गेली की पाणी मुरू देत नाही. तिच्यावर जाळीदार कापड, त्यावर दाबलेली खडी आणि शंभर फुटांत किमान एक फूट उतार ठेवावा. गवताच्या पाठीची भोके एकमेकांपासून दूर असतील, तर दोन भोकांमधल्या जागेत लघवी साचते आणि मग वर काहीही घाला, वास येणारच. पाठ संपूर्ण झिरपणारी असलेले गवत मिळत असेल, तर ते दोन पैसे जास्त देऊन घ्यावे.

पशुवैद्य_निपाणी

दोन गोष्टी जोडतो. घराघरांत असलेले फिनाईल या गवतावर टाकू नये. कुत्री पाय चाटतात आणि ते पोटात जाते. ब्लीचही लघवीवर ओतू नये, कारण अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. एन्झाइमचे क्लीनर चालतात, मात्र त्यांना ओलसरपणा आणि थोडा वेळ द्यावा लागतो. ओतून लगेच पाणी मारले तर पैसे वाया. पावसाळ्यात पाणी तुंबू देऊ नका आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका, कारण हा रोग लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो आणि माणसांनाही होतो. मुधोळची कातडी पातळ असते. दुपारी तापलेल्या गवतावर त्याला सोडण्याआधी आपला तळहात काही क्षण टेकवून पाहावा.

जांबोटी_रस्ता (खानापूर)

आमच्याकडे झिओलाइटवर खर्च करावा असे मला वाटत नाही. जून ते सप्टेंबर पाऊसच सगळे धुऊन नेतो. आमची अडचण शेवाळाची. त्यासाठी ताठ ब्रशने पाती उलट दिशेने उचलून भर मोकळी करावी लागते, नाहीतर ती घट्ट बसते आणि वर हिरवा थर चढतो. वासाचे दिवस फेब्रुवारीपासूनचे, आणि सगळ्यांत वाईट दिवस वळवाच्या पहिल्या सरीचा, कारण साठलेले सगळे ओले होऊन वर येते. त्या काळात रोज संध्याकाळी पाइपने धुतले तर साध्या वाळूवर भागते. अथणी-रायबागकडे पाऊसही कमी आणि पाण्याचीही टंचाई. तिथे झिओलाइट घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही.

हिंदवाडी_मुधोळवाला

सर्वांचे आभार. एक शंका उरते. भिंतीलगत आईचे गुलाब आहेत आणि कुत्री नेमकी तिथेच जातात. मिठाचे पाणी तिकडे गेले तर?

टर्फवाला_शहापूर

गुलाब जळतील. १० लिटर पाण्यात अर्धा किलो साधे मीठ, काही तास मुरवून मग भरपूर पाण्याने धुणे, ही आमची पद्धत आहे; पण ते धुवण गटारातच गेले पाहिजे, वाफ्यात किंवा विहिरीकडे नाही. धुऊन होईपर्यंत कुत्र्यांना आत सोडू नये, खारे पाणी प्यायल्यास ती आजारी पडतात. तुमच्या बाबतीत गुलाबांच्या बाजूची पट्टी नुसत्या सिलिका वाळूची ठेवा, उतार तिथून उलट दिशेला काढा, आणि त्या पट्टीतली वरची वाळू उन्हाळ्याआधी खरवडून नवी घाला. एक-दोन पोत्यांचेच काम आहे.