मदत हवी आहे: पिकअप घाटात दम सोडते, विकून दुसरी घेऊ का?

निफाडवाला
मंडळी जरा लवकर सांगा. पिकअप घाटात दम सोडते. चांगली चाललेली असते आणि मधेच एकदम मुकी होते, कितीही दाबा वर जातच नाही, मागून ट्रकवाले हॉर्न मारून आईबहिणीचा उद्धार करतात. बाजूला घेतली, बंद केली, परत सेल्फ मारला की नॉर्मल, पुढच्या चढाला पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरला किती वेळा दिली विचारू नका. लॅपटॉप लावतात, डॅशबोर्डवरचा दिवा घालवतात, सेन्सर बदलला म्हणून बिल देतात, आठ-दहा दिवस बरी चालते की पुन्हा आहेच. घरचे म्हणतात विकून टाक. बोलेरो, योधा, इंट्रा, दोस्त, ज्यांच्याकडे जी आहे त्यांनी खरं खरं सांगा, यूट्यूब बघून सांगणारे नकोत. द्राक्षाचा सीझन तोंडावर आलाय.

एमएच_पंधरा
गाडी कोणती, कितीचं मॉडेल, किती पळालीये, घाट कुठला, लोड किती? यातलं एकही लिहिलं नाही. आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं का भाऊ?

निफाडवाला
बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नवीन नियमांची डिझेल गाडी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, वॉरंटी अजून थोडी बाकी आहे आणि सर्व्हिस सेंटरची पोरं पण इथं वाचत असतात, उगाच क्लेम अडवायचे. घाट कसारा, अजून कुठला.

सातपूरकर
डोळे झाकून बोलेरो पिकअप. अडीच लिटरचं इंजिन, २५२३ सीसी, खालच्या रेसला ओढते. वर महिंद्राचा कारखाना आपल्या सातपूरला, स्पेअरला कुठं जायची गरज नाही, नाशकात द्वारका चौकापासून आडगाव नाक्यापर्यंत कुठल्याही गॅरेजवाल्याला झोपेतून उठवलं तरी खोलून जोडून देईल. आमची पहिली आम्ही केव्हाच विकली, ती अजून पिंपळगाव मार्केटला माल घेऊन येताना दिसते.

काळी_माती
झालं, आले शेअर विकायला. जुनी बोलेरो वेगळी आणि आताची वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं, त्यानंतर डिझेल पिकअप म्हटलं की सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, इंजिनला ईजीआर म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, ढीगभर सेन्सर हे आलंच. लोगो बदलून काय होणार? आधी त्याच्या गाडीला झालंय काय ते बघा.

डिझेलबाबा
निफाडवाले, दम जातो म्हणजे नक्की काय होतं ते सांगा. आरपीएम वर जातो, इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही, असं असेल तर क्लच प्लेट. आरपीएमच दोन-अडीच हजाराच्या वर चढत नसेल तर गाडी लिम्प मोडमध्ये जातेय, म्हणजे ईसीएमला, गाडीच्या कॉम्प्युटरला, काहीतरी खटकलं की तो इंजिन वाचवायला पॉवर मुद्दाम तोडतो. बंद-चालू केल्यावर सुटते म्हणताय म्हणून मला हे लिम्प मोडचंच वाटतं. आणि जो दिवा ते घालवतात त्याचा कोड काय होता? दिवा घालवणं म्हणजे रिपेअर नाही.

निफाडवाला
आरपीएम चढतच नाही. कोड मला कोण सांगतं, म्हणतात तुम्हाला काय करायचंय.

घाटवाटा
एक शंका. तुम्ही माल वाशीला नेत असणार, म्हणजे लोड घेऊन कसारा उतरता. चढ लागतो तो परतीला. मग रिकाम्या गाडीला दम कसा काय लागतो?

निफाडवाला
रिकामी कोण आणतं हो, डिझेल तरी निघायला नको का. भिवंडीतून टाइल्स भरून आणतो.

एमएच_पंधरा
किती?

निफाडवाला
पासिंगपेक्षा, म्हणजे आरसीवरच्या वजनापेक्षा, थोड्या जास्त. सगळेच भरतात.

काळी_माती
हे थोड्याचं गणित मला माहितीये. टोमॅटोला कॅरेट किती लावता?

निफाडवाला
सव्वाशे. खालचे स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतलेत.

काळी_माती
वीस किलोचं कॅरेट, सव्वाशे म्हणजे अडीच टन झाले, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळंच. योधा २.० चं पासिंग २ टन, बोलेरो पिकअपची १.७ टनवाली, इंट्रा व्ही ५० दीड टन. यातली कुठलीही आणा, तुमच्या हाताखाली ती ओव्हरलोडच चालणार. पाटे वाढवले म्हणजे गाडी खाली बसत नाही एवढंच, इंजिन, ब्रेक, क्लच कंपनीनं दिले तेवढेच राहतात.

निफाडवाला
ज्ञान नको भाऊ, भाडं कॅरेटवर मिळतं, आरसी बुकवर नाही. आणि तेवढाच लोड घेऊन आमच्या शेजाऱ्याची सेम गाडी टकाटक चढते.

टर्बो_भाई
सगळ्यांचं ऐकून वेळ घालवू नका. डीपीएफ काढून सरळ पाइप टाका, ईजीआरला ब्लँक मारून बंद करा, ईसीएम रिमॅप करा, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदला. माझी तशीच आहे, एक नंबर पळते, अ‍ॅव्हरेज पण वाढलं.

एमएच_पंधरा
त्याची गाडी वॉरंटीत आहे, त्याला कुठं खड्ड्यात घालतोस. रिमॅप दिसला की क्लेम संपला. कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि मागे चालणाऱ्या टू-व्हीलरवाल्याच्या तोंडात काळा धूर जातो तो वेगळा.

टर्बो_भाई
रोडवर अर्ध्या गाड्या अशाच आहेत, कोण पकडतं. बरं राहिलं.

वीकेंडवाला
मी पण पिकअपवालाच! माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर, पावसाळ्यात त्र्यंबक-हरिहरच्या बाजूला चिखलातून मस्त निघते. बजेट असेल तर टोयोटाची हायलक्स पण बघा, २.८ लिटर, ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क, कसारा कळणार पण नाही.

सातपूरकर
त्यात कांद्याच्या गोण्या किती बसतात ते पण सांगा साहेब.

वीकेंडवाला
अहो मी फक्त माहिती दिली.

डिझेलबाबा
मुद्द्यावर या. निफाडवाले, अजून दोन गोष्टी. लिलावाच्या रांगेत गाडी चालूच असते का? आणि शेवटचं ऑइल कुठं बदललं?

निफाडवाला
रांग हळूहळू सरकते, दर वेळी कोण बंद करणार. ऑइल बाहेर बदललं, सर्व्हिस सेंटरवाले दुप्पट लावतात. त्याचा काय संबंध?

काळी_माती
संबंध हाच! तासन् तास आयडलिंगला राहिली की काजळी फिल्टरमध्ये साठत जाते. ती जाळायला एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापवावा लागतो, हायवेला एका लयीत गाडी चालली तर ते आपोआप होतं. अर्धवट जळत असताना तुम्ही चावी काढली की ते काम तसंच राहतं आणि जास्तीचं मारलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक बघा, लेव्हल वाढलेली दिसली तर तेच. आणि ऑइल डीपीएफला चालणारं लो-अ‍ॅशच लागतं, साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसली की ती जळत नाही, कायमची. माझ्या मते डीपीएफच चोक आहे.

डिझेलबाबा
असेलही, पण मी आधी डीपीएफवर जाणार नाही, महागाचं काम आहे. हे फक्त लोड आणि चढ एकत्र आले की होतं, सपाटीला होत नाही. म्हणजे टर्बोला, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, जोर लागतो तेव्हा कुठूनतरी हवा निसटतेय का ते बघा. टर्बोपासून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला आणि तिथून इंजिनला जाणारे रबरी पाइप असतात, त्यांच्या क्लॅम्पखाली हात फिरवा. तेलकट ओल किंवा चीर सापडली तर खर्च फार नाही. चीर बारीक असेल तर उभ्या गाडीत कळतच नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, चढला की उघडते. आणि डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते पण बघा.

काळी_माती
पाइप गेला असता तर धूर दिसला असता.

डिझेलबाबा
जुन्या गाडीत दिसायचा, हिच्यात डीपीएफ धूर बाहेर येऊ देत नाही. म्हणून तर लोक फसतात. आणि हवा कमी पडली की काजळी जास्त होते, मग तुमचा डीपीएफ पण भरणारच. आधी कोंबडी का आधी अंडं करत बसण्यापेक्षा कोड मागा.

घाटवाटा
मी म्हणतो कसारा चढायचाच कशाला? भिवंडीतूनच येताय तर आमण्याला समृद्धीवर चढा आणि इगतपुरीला उतरा. ५ जून २०२५ ला तो शेवटचा तुकडा पण सुरू झाला. पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, जुन्या घाटासारखे वळणाचे चढ नाहीत.

सातपूरकर
आणि टोल तू भरणार का? टाइल्सच्या रिटर्न भाड्यात राहतं काय.

घाटवाटा
घाटात दोन तास अडकून जळणारं डिझेल धरा की मग.

निफाडवाला
तुमचं चालू द्या. आज सर्व्हिस सेंटरला जाऊन बसलो, कोड लिहून दिल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. पी०२९९ असा आहे. हा काय?

डिझेलबाबा
अंडरबूस्ट. टर्बोनं जेवढी हवा द्यायला पाहिजे तेवढी मिळत नाही. डीपीएफच्या काजळीचा बहुतेक पी२४६३ येतो, तो आला का?

निफाडवाला
नाही, एवढाच. आणि हो, घरी येऊन हात फिरवला, इंटरकूलरच्या खालच्या पाइपला क्लॅम्पजवळ तेल आहे, नखानं दाबलं तर चीर उघडते.

डिझेलबाबा
मग तिथून सुरू करा. चिकटपट्टी मारू नका, गरम झाली की सुटते. सर्व्हिस सेंटरलाच द्या, पण जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ‘लोडमध्ये चढाला पॉवर तुटते, कोड पी०२९९, पाइपला चीर’, नुसतं ‘पिकअप कमी’ लिहू देऊ नका. रबरी भाग वॉरंटीत धरत नाही म्हणाले तर वॉरंटी बुकातलं पान दाखवा म्हणावं. पाइप बदलल्यावर त्यांच्या मेकॅनिकला शेजारी बसवून लोडेड गाडी चढाला न्या, लॅपटॉपवर बूस्ट बघायला लावा. नाही चढला तर मग टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे त्याची हवा कमी-जास्त करणारा भाग, बघा.

काळी_माती
आणि सोबत डीपीएफमध्ये काजळी किती टक्के आहे ते पण वाचून घ्या, लॅपटॉपवर दिसतं. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

निफाडवाला
ठीक आहे, दोन्ही बघतो. पाइप स्टॉकमध्ये नाही म्हणतात, मागवावा लागेल. तोपर्यंत भाडी बंद ठेवणं परवडत नाही, चालवली तर चालेल का?

डिझेलबाबा
टर्बो जास्त फिरून खराब होईल. रिकामी, सपाटीला, हळू. टाइल्स नकोत.

सातपूरकर
भिवंडी ते नाशिक टाइल्सचं भाडं काय मिळतं हल्ली? माझी गाडी रिकामीच येते.

निफाडवाला
व्यनि (खासगी मेसेज) केलाय.