प्रतिसाद: पीएलएफ घसरला म्हणजे संच नादुरुस्त, असं नाही

तुम्ही तुमच्या प्रबंधासाठी पीएलएफच्या (प्लांट लोड फॅक्टर: पूर्ण क्षमतेने होऊ शकणाऱ्या निर्मितीपैकी प्रत्यक्षात झालेल्या निर्मितीची टक्केवारी) आकड्यावरून जुन्या वीजनिर्मिती संचांना अकार्यक्षम ठरवलं आहे. ते पटत नाही. ५०० मेगावॉटचा संच वर्षभर (८७६० तास) पूर्ण क्षमतेने चालला तर ४३८ कोटी युनिट होतात. प्रत्यक्षात २६३ कोटी झाले की पीएलएफ ६०%. पण हा संच तयार असूनही मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमात) महाग पडल्यामुळे थांबवला होता, की बॉयलर ट्यूब फुटून बंद होता, हे या आकड्यात दिसतच नाही. उपलब्धता (संच चालायला किती तयार होता ते) वेगळी काढावी लागते, कारण स्थिर आकार (भांडवल, देखभाल अशा ठरलेल्या खर्चाची रक्कम) उपलब्धतेवर मिळतो, विकलेल्या युनिटवर नाही. रक्कम तीच राहते आणि युनिट कमी होतात, म्हणून ८५% पीएलएफला युनिटमागे २ रुपये पडणारा स्थिर आकार ४२.५% ला ४ रुपये होतो!

एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं नेमकं हेच दुखणं होतं. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, इंधन नाफ्था (खनिज तेलापासून मिळणारं), म्हणून वीज महाग. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने वीज घेणं कमी केलं, तरी ९०% उपलब्धतेचा आकार देणं करारानं बंधनकारकच होतं. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. म्हणून प्रबंधात नियोजित बंद, अचानक बंद आणि मागणीअभावी बंद असे तास वेगळे मांडा. निर्मिती ढोबळ घेतली की संचाचा स्वतःचा वापर वजा करून, तेही लिहा.