‘फेल’ खोडून ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहायला सांगितलंय, आणि सही माझी आहे

अबोली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असते. आज लिहितेय, कारण गुरुवारी मला एका रिपोर्टवर सही करायची आहे आणि तीन रात्री धड झोप लागलेली नाही.

आमच्याकडे इन्फ्यूजन पंप बनतात. रुग्णाच्या शिरेतून औषध ठरलेल्या वेगाने सोडणारं यंत्र. मी चाचणी विभागात अकरा वर्षं आहे, टीम लीड होऊन पाच महिने झाले. हाताखाली सहा जण आहेत. त्यातल्या सगळ्यात नव्या मुलाने चाचण्यांच्या यादीत नसलेली एक गोष्ट आपणहून करून पाहिली. बॅटरी संपत आल्याचा अलार्म आणि नळी तुंबल्याचा अलार्म एकाच क्षणी आले तर काय होतं? बॅटरीच्या जागी पॉवर सप्लाय लावायचा, एका हाताने त्याचा नॉब हळूहळू खाली आणायचा आणि नेमक्या वेळी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नळी दाबायची. असं त्याने चाळीस वेळा केलं. तीन वेळा भोंगा वाजलाच नाही. दिवा लुकलुकत राहिला, आवाज नाही. मी संध्याकाळी त्याच्या टेबलाशी गेले तेव्हा अंगठ्यावर नळीचा वळ उमटलेला होता आणि लॉगमध्ये लिहिलं होतं : ‘१७ : दिवा चालू. आवाज नाही. फेल.’

मी हे सरांकडे नेलं. सर म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं ते. ते चिडले नाहीत, समोर बसवून नीट समजावून सांगितलं. दोन अलार्म एका क्षणी येणं ही लाखात एखादी गोष्ट. दिवा तर लागतोच आहे. सहा आठवड्यांत सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती निघतेय, तिच्यात दुरुस्ती होईल. आत्ता रिलीज थांबला तर हातातलं कंत्राट जाईल आणि त्याची झळ आधी कुणाला लागेल हे तुला ठाऊक आहे. मग म्हणाले, “फेल लिहिलंस तर सगळं अडतं. ऑब्झर्व्हेशन लिही, म्हणजे नुसती नोंद. त्यात खोटं काय आहे? आपण पाहिलंच ना?”

हे वाक्य डोक्यातून जात नाही.

टीम लीड झाल्यावर आमचं एक प्रशिक्षण झालं होतं, त्यात नीतिविचाराच्या तीन चौकटी शिकवल्या होत्या. परवा रात्री मी कागदावर तीन रकाने आखले : कर्तव्य, परिणाम, सद्गुण. कर्तव्याच्या रकान्यात लिहिलं, खरं ते लिही. पण दिलेला शब्द पाळणं, ज्यांनी घडवलं त्यांच्याशी प्रामाणिक राहणं, हीही कर्तव्यंच. परिणामाच्या रकान्यात एकीकडे न पाहिलेला रुग्ण आणि दुसरीकडे रोज डब्याला सोबत बसणारी माणसं. सद्गुणाच्या रकान्यात धैर्य लिहिलं आणि खाली समजूतदारपणाही लिहिला. कागद भरला, उत्तर निघालं नाही. तुम्ही लोक कामाच्या ठिकाणी हे खरोखर कसं वापरता? की हे सगळं वर्गापुरतंच असतं?

एक राहिलं. सर असंही म्हणाले की लॉगमधला शब्द त्या मुलालाच बदलायला सांग, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही.

पाऊलवाट

सही करू नका. एवढ्या रकान्यांची गरजच काय? जे लिहिताना हात अडखळतो ते लिहायचं नाही. फार तर दुसरी नोकरी शोधावी लागेल.

मोजपट्टी

पाऊलवाट, भावना पोचली, पण घरी हप्ते असलेल्या माणसाला “दुसरी नोकरी शोधा” हे सांगणं फार सोपं आहे. आणि अबोली नोकरी सोडून गेल्या तर त्या पंपाचा भोंगा वाजायला लागणार आहे का?

अबोली, मी याच क्षेत्रात आहे, म्हणून आधी तांत्रिक बाजू. “लाखात एखादी गोष्ट” हा आकडा सरांनी आणला कुठून, हे विचारा. चाळीसात तीन हे तुमच्या टेबलावरचं प्रमाण आहे, रुग्णाच्या खाटेशेजारचं नाही. तिथलं प्रमाण कुणालाच माहीत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी जे मानक आहे, आयईसी ६२३०४, त्याच्या २००६ च्या आवृत्तीत याच अडचणीवर सरळ उपाय दिला होता : सॉफ्टवेअर बिघडल्याने धोका उद्भवू शकत असेल तर ते बिघडण्याची शक्यता शंभर टक्के धरा. कारण सॉफ्टवेअर हे यंत्राच्या सुट्या भागासारखं झिजत नाही. चूक आत असते आणि तशी परिस्थिती जुळून आली की ती बाहेर येते. शक्यतेवरचा वाद तिथेच मिटतो. मग प्रश्न एवढाच उरतो की भोंगा वाजला नाही तर रुग्णाला इजा किती होईल. औषध बंद पडलंय, बॅटरी संपत चाललीय आणि नर्स पाठमोरी आहे. पाठमोऱ्या माणसाला दिवा दिसत नाही, भोंगा असतो तो त्यासाठीच. तुमचा परिणामांचा रकाना एवढ्या बारकाईने भरा. तो दोन्हीकडे ओढला जातोय असं वाटतं, कारण एका बाजूला अंदाज आहे आणि दुसऱ्या बाजूला ओळखीचे चेहरे.

आता थेरॅक-२५ आठवा. किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा गेली, काही जण दगावले. यंत्र पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असले त्रोटक संदेश दाखवायचं. असे संदेश दिवसातून अनेकदा यायचे, म्हणून चालवणाऱ्यांना एक कळ दाबून पुढे जायची सवय लागली होती. यंत्र बनवणाऱ्यांना दोष पुन्हा घडवून दाखवता येईना. शेवटी एका रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंनी दोघांनी बसून तो पकडला. भरलेली माहिती एका ठरावीक गतीने, भराभर दुरुस्त केली तरच तो यायचा. हात सरावलेला असेल तितका धोका जास्त! तुमच्या त्या मुलाने नळीवर अंगठा ठेवून केलं ते याच जातीचं काम आहे. त्याला माझा नमस्कार सांगा.

शंकासमाधान

मी तत्त्वज्ञान शिकवते, म्हणून रकान्यांबद्दल दोन शब्द बोलायचा मोह होतोय.

रकाने भरून खाली बेरीज करायची, अशी अपेक्षा तुम्ही ठेवलीत, तिथे गाडी अडली. या चौकटी उत्तर देत नाहीत. आपल्याला नेमकं काय करायला सांगितलं जातंय, हे त्यांच्यामुळे स्वच्छ दिसतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये मांडलेली कसोटी तुमच्या सरांच्या वाक्याला लावून पाहा. आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्यांचाच नियम झाला, अशी कल्पना करायची. समजा, सगळेच चाचणी करणारे अडचणीच्या वेळी ‘फेल’च्या जागी ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहू लागले. मग वाचणारा प्रत्येक ‘ऑब्झर्व्हेशन’ला ‘फेल’ समजेल आणि युक्ती चालेनाशी होईल. म्हणजे ही युक्ती चालते ती बाकीचे लोक तो शब्द प्रामाणिकपणे वापरतात म्हणूनच. तुम्हाला खोटं वाक्य लिहायला सांगितलेलं नाही, हे खरं. पण वाचणाऱ्याची चुकीची समजूत व्हावी म्हणूनच तो शब्द निवडलाय. “त्यात खोटं काय” या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

परिणामांच्या रकान्याबद्दल मोजपट्टींशी सहमत. मी फक्त अमेरिकी तत्त्वज्ञ रॉल्सची १९७१ मधली कल्पना जोडते. आपण कोण आहोत हे माहीत नसताना नियम ठरवायचा. उद्या सकाळी तुम्ही सर म्हणून उठाल, तो नवा मुलगा म्हणून, कंत्राटावर पोट असलेला कामगार म्हणून, की नळी लावलेला रुग्ण म्हणून, काहीच ठाऊक नाही. आता सांगा, कुठला शब्द लिहावा?

आणि चॅलेंजर, अमेरिकेचं अंतराळयान. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत सांगत होते की सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा थंडीत उड्डाण करू नका, बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी कड्या दगा देतील. त्यांच्यातल्या रॉजर बॉइजोली यांनी तर आदल्या जुलैतच लेखी इशारा दिला होता. बैठक मध्येच थांबवून कंपनीच्या लोकांनी आपापसात चर्चा केली. तेव्हा अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखांना वरिष्ठांनी सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. त्यांनी मत बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमारे २ अंशांत यान उडालं, ७३ सेकंदांत फुटलं आणि सात माणसं गेली. मला त्यात सगळ्यात जास्त सलते ती टोपी. पद बदललं म्हणून कड्यांचं रबर बदलत नाही. अबोली, तुम्हाला पाच महिन्यांपूर्वी दिलेली टोपी तीच आहे.

अबोली

सगळ्यांचे आभार. ‘वाचणाऱ्याची चुकीची समजूत व्हावी म्हणून निवडलेला शब्द’ हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते.

तरी एक बोलते. सर वाईट माणूस नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं काम स्वतः केलं होतं, कुणाला न सांगता. चॅलेंजरच्या गोष्टीत त्यांना बसवायचं म्हटलं की जीव कळवळतो.

जुनी वही

अबोली, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या दोन ओळींवर कुणीच बोललेलं नाही. माझ्या मते सगळं तिथेच आहे.

मी आता निवृत्त आहे. बरीच वर्षं भार उचलणाऱ्या यंत्रांच्या तपासणीत होतो. एकदा एका साखळीची भारचाचणी थोडक्यात हुकली. वरून निरोप आला. मी माझ्या हाताखालच्या पोराला म्हणालो, “पुन्हा एकदा मोज आणि या वेळी नीट मोज.” मला काय म्हणायचंय ते त्याला कळलं आणि त्याला कळलंय हे मलाही. त्याने आकडा बदलला, मी सही केली. माझ्या हातून खोटं काही लिहिलं गेलं नाही, असं मी मनाशी घोकत राहिलो.

अपघात झाला नाही. साखळी पुढे रीतसर बदलली गेली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, त्यामुळे परिणामांच्या हिशेबात मी सुटलो असं कुणीही म्हणेल. पण त्यानंतर माझ्याकडे ‘फेल’ येणंच बंद झालं. पोरं हुशार असतात. साहेबाला काय ऐकायचंय हे त्यांनी एकदा पाहिलं की पुरतं. आकडे माझ्या टेबलावर येण्याआधीच गुळगुळीत होऊन येऊ लागले. मला वर्षभर वाटत होतं की विभागाचं काम सुधारलंय! एके दिवशी दुसऱ्याच कामासाठी मी एका पोराची कच्ची वही उघडली. आधीचे आकडे पेन्सिलीने लिहून खोडलेले होते. दिव्याखाली तिरकी धरली तर पानावर दाबलेले दिसत होते. त्या दिवशी मला माझ्याच विभागाची भीती वाटली. कुठली साखळी खरी पास आहे हे मला सांगता येत नव्हतं.

अॅरिस्टॉटलचं म्हणणं असं सांगतात की माणूस धैर्याची कामं करत करत धीट होतो. मला वाटतं, विभागाचंही तसंच असतं. त्या मुलाने यादीबाहेरची चाचणी आपणहून केली. असं माणूस नोकरीत फार थोडे दिवस करतो. त्याच्याच हाताने तो शब्द खोडायला लावलात तर पुढच्या वेळी अंगठा ठेवायला कुणी पुढे येणार नाही, आणि हे तुम्हाला कधी कळणारही नाही. तुमच्या सहीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्याच्या लॉगला हात लावू नका आणि लावू देऊ नका.

सरांबद्दल : माणूस चांगला आहे म्हणता ना, मग त्यांना चांगलं वागायची संधी द्या. भर मीटिंगमध्ये तोंडघशी पाडू नका. आधी एकटे गाठा.

मोजपट्टी

जुनी वही, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतोय.

अबोली, एक व्यवहाराची गोष्ट. रिलीज करायचा की नाही हे ठरवणं चाचणी विभागाचं काम नाही, तो ओझ्याचा दगड उगाच डोक्यावर घेऊ नका. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिणं हे तुमचं काम. दोष माहीत असूनही वस्तू बाहेर काढायची असेल तर ज्याला तो अधिकार आहे त्याने कारण लिहून स्वतःच्या नावाने सही करावी. तशी रीत बहुतेक ठिकाणी असतेच. शब्द बदलायला सांगतात ते ती सही टाळण्यासाठी.

अबोली

बुधवार रात्र. थोडक्यात सांगते, दमलेय.

सकाळी सरांना एकटं गाठलं. म्हटलं, लॉग त्याचा आहे, तो तसाच राहील. रिपोर्टवर ‘फेल’ मी लिहीन आणि खाली सही माझी असेल. तुम्हाला रिलीज करायचाच असेल तर कारण लिहून तुम्ही सही करा, मी आडवी येणार नाही, पण मला कुणी विचारलं तर जे पाहिलं तेच सांगेन. हे सगळं मी रात्री पाठ करून गेले होते, तरी आवाज कापला. सर बराच वेळ गप्प होते. मग कंत्राटाचं पुन्हा बोलले. मी म्हटलं, “सर, ‘जे दिसलं ते लिही, जे वाटलं ते लिहू नको’ हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतंत.” ते खरंच त्यांनीच सांगितलं होतं.

दुपारी ते लॅबमध्ये आले. त्या मुलाला म्हणाले, दाखव. तो नॉब फिरवायला लागला. सरांनी नळीवर स्वतःचा अंगठा ठेवला. अकरा वेळा भोंगा वाजला. मुलगा घामाघूम झाला होता. बाराव्या वेळी दिवा लागला आणि खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला.

सरांनी अंगठा तसाच दाबून ठेवला होता. थोड्या वेळाने म्हणाले, “लिही. आणि चाचणी कुणी केली तिथे माझंही नाव घाल.”

उद्या मीटिंग आहे. तिथे काय ठरेल माहीत नाही.