मदत हवी आहे: चुनखडीतल्या तेलविहिरीत पाणी भेगेतून येतंय की थरातून, कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी. विहीर उभी आहे, खडक मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या एल-३ थरासारखा: चुनखडीचे थर, मधे शेलच्या (पाणी सहसा न झिरपू देणाऱ्या मातकट खडकाच्या) पातळ पट्ट्या. ॲसिड जॉबनंतर (तेल मोकळं यावं म्हणून खडकात ॲसिड सोडल्यावर) सहा आठवड्यांत वॉटर कट, म्हणजे निघणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा, २० वरून ८० टक्क्यांवर गेला.

प्रॉडक्शन लॉगनुसार (कुठल्या खोलीवरून काय येतं याची मोजणी) जवळजवळ सगळं पाणी खालच्या ४ मीटर पर्फोरेशनमधून, म्हणजे केसिंगच्या (विहिरीतल्या पोलादी नळीच्या) भोकांतून येतं. सिमेंट बाँड लॉग (केसिंगमागचं सिमेंट नीट चिकटलंय का याची तपासणी) चांगला आहे, त्यामुळे केसिंगमागच्या गळतीचा संशय कमी. तो भाग सिमेंट स्क्वीझ करून (दाबाने भरून) बंद केला, पण दोन महिन्यांत पाणी परत आलं. पाणी-तेल गुणोत्तर आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) दोन्ही चढते आहेत, म्हणजे कोनिंगपेक्षा (खालचं पाणी शंकूसारखं वर ओढलं जाण्यापेक्षा) चॅनेलिंग (पाणी एखाद्या सोप्या वाटेने येणं) वाटतं. तरी चुनखडीत नुसत्या या आलेखावर विसंबायला मन धजत नाही.

माझी खरी अडचण पुढे आहे. पाणी भेगेतून येत असेल तर पाणी अडवायला सोडलेलं जेल भेगेतच राहील आणि आजूबाजूचा तेलाचा खडक बराचसा वाचेल. पण पोकळ्यांनी भरलेल्या थरातून येत असेल, तर वरची शेल सलग असल्याशिवाय उपयोग नाही. पाणी जेलला वळसा घालून वर येणारच. शेजारच्या विहिरीत ती शेल दीड मीटर आहे, इथे जेमतेम अर्धा.

तापमान ११५ अंश सेल्सिअस, त्यामुळे नेहमीच्या पॉलिॲक्रिलामाइड-क्रोमियम जेलचा भरवसा नाही. इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) नाही, रिग मिळणार नाही, फक्त कॉइल्ड ट्युबिंग (विहिरीत सोडायची गुंडाळलेली लांब नळी) आहे.

अशा वेळी भेग की थर हे ठरवायला आधी प्रेशर बिल्डअप घ्यावा (विहीर बंद करून दाब कसा वाढतो ते पाहावं) की ट्रेसर (पाण्याची वाट शोधायला मिसळायचा खुणेचा पदार्थ) सोडावा? आणि शेल सलग आहे की नाही हे दोन विहिरींमधल्या दाबाच्या चाचणीतून खात्रीने कळतं का?