पुरासाठी पिशवी भरून ठेवावी का? (बडोदे, तळमजला)

कारेलीबागची_काकू

प्रश्न सरळ आहे. आमच्यासारख्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी ‘उचलली की निघालो’ अशी पिशवी भरून ठेवावी का? आणि ठेवली, तर तिच्यात खरंच काय घालावं? इंटरनेटवरच्या याद्या वाचून झाल्या. त्यांत शिट्टी, होकायंत्र, तंबू. होकायंत्र घेऊन मी काय करू? पाण्याची टाकी कुठल्या अंगाला आहे हे मला डोळे मिटूनही सांगता येतं.

आता मागची कथा. २०१९ साली, ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा पाणी आमच्या शेवटच्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं. मी घाबरले आणि दुसऱ्याच आठवड्यात ह्यांची ऑफिसच्या दौऱ्याची रेक्झिनची बॅग काढून भरली. टॉर्च, बिस्किटं, गोळ्या, नातीचे दोन फ्रॉक, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स. आणि शहाणपणा असा, की ‘सुरक्षित’ म्हणून ती लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवली.

२०२४ ची गोकुळाष्टमी सगळ्यांना आठवत असेलच. सोमवारी दिवसभर कोसळला. पाऊस ओसरला म्हणून आम्ही जरा निवांत झालो, आणि मग पाणी आलं. तेही दारातून नाही, मोरीतून. आधी मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज, मग काळं पाणी, मग पाटावर ठेवलेला तांब्या आपला आपण चालायला लागला. पहिल्यांदा काय बुडालं? कपाटाचा खालचा कप्पा.

आठवड्याने ती बॅग उघडली. टॉर्चमधले सेल फुटून हिरवं पाणी सुटलेलं. गोळ्यांची तारीख २०२१ ची. झेरॉक्सचा लगदा. आणि नातीचे फ्रॉक ती तीन वर्षांची असतानाचे. पोरगी तेव्हा आठवीत पडलेली! (वर्षात हो, इयत्तेत नाही.)

मग ऐन वेळी आम्ही नेलं काय? सासूबाईंनी देव्हाऱ्यातले टाक पेढ्याच्या डब्यात भरून घेतले, त्या एकट्याच ठरवल्याप्रमाणे वागल्या. ह्यांनी इन्कमटॅक्सची फाइल आणि छत्री घेतली. मी एका हातात भिजवलेल्या कणकेचा डबा आणि दुसऱ्या हातात टीव्हीचा रिमोट घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचले. टीव्ही खालीच. भाभींनी दार उघडलं आणि रिमोटकडे बघतच राहिल्या.

वर दोन खोल्यांत अकरा माणसं, दोन रात्री, लाइट नाही. काय नडलं ते सांगते, कारण ते एकाही यादीत नव्हतं. सासूबाईंच्या कानातल्या मशीनचे सेल. त्यांची कवळी ठेवायची वाटी. माझा जवळचा चष्मा. आणि सुट्टे पैसे. टॉवर बंद म्हणून फोनवरून पैसे जात नव्हते, ट्रॅक्टरवरून दूधवाला आला तर माझ्याकडे पाचशेची एकच नोट आणि त्याच्याकडे सुटे नाहीत. पाचशेचं दूध घ्यावं की कोरा चहा प्यावा? कोरा चहा प्यालो.

आमच्या ह्यांचं मत असं, की पिशवी भरून ठेवणं म्हणजे विश्वामित्री नदीला अक्षत देऊन ठेवणं. आणि एकदा भरून काय उपयोग झाला, हा त्यांचा दुसरा मुद्दा, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर द्या.

समा_सावली

काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पिशवी फुकट आहे. भूकंपवाल्या देशांतलं ते खूळ आहे. आपल्याकडे नदी वर्दी देऊन येते. आजवा धरणाची पातळी दर तासाला मोबाइलवर येते, काळ्या घोड्याच्या पुलाखाली पाणी किती फूट ते येतं. २६ फुटांवर धोका. त्या वेळी ३७ फुटांच्या वर गेलं, पण एका झटक्यात नाही गेलं. मधे जो वेळ मिळतो तो पिशवी शोधण्यात घालवायचा की घर उचलण्यात?

आम्ही फ्रिज चार विटांवर चढवला, गाद्या माळ्यावर, मेन स्विच बंद, गॅसचं रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधला. रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यावर तरंगतो, शेजाऱ्यांचा गल्लीत फिरत होता.

गाडी मात्र राहिली. आणि पाणी उतरल्यावर मी उतावीळपणे चावी फिरवली. इंजिनात पाणी होतं, ते बसलं. विमा कंपनीने तेवढा खर्च क्लेममधून वगळला, म्हणाले चालू केलीत म्हणून बिघडलं. तेव्हा गाडी बुडाली तर हात लावू नका, फोटो काढा आणि टो करून न्या. हे पिशवीत नाही, डोक्यात ठेवायचं.

फतेगंज_कट्टा

विश्वामित्रीतल्या मगरीसाठी पिशवीत काय ठेवणार? फाफडा?

कारेलीबागची_काकू

@फतेगंज_कट्टा हसा. पाणी उतरल्यावर आमच्या मागच्या गल्लीत खरंच निघाली होती. वनखात्याची माणसं येईपर्यंत सगळी मुलं अगाशीवर (गच्चीवर).

@समा_सावली, राग नाही. पण तुमच्या घरात उचलायला दोन तरुण माणसं असणार. आमच्याकडे ६३, ६० आणि ८५ अशी वयं आहेत. फ्रिज कोण उचलतंय?

बोटवाला_मुजमहुडा

मी त्या तीन दिवसांत स्वयंसेवक म्हणून रबरी बोटींबरोबर होतो. एनडीआरएफची सहावी बटालियन आपल्या जरोदलाच आहे, सैन्यही आलं होतं, तरी हाका इतक्या होत्या की कुठे कुठे पुरणार? त्यामुळे पाहिलं ते लिहितो.

पहिलं म्हणजे पिशवी नको, सॅक हवी. पाठीवरची. बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, एक आमच्या हातात आणि एक ग्रिलला. लोक चाकाची सूटकेस घेऊन गॅलरीत उभे असत. एका काकांची सूटकेस घेतली असती तर एक माणूस कमी बसला असता. त्यांनी भांडून बघितलं. मग सूटकेस माळ्यावर गेली आणि ते बोटीत आले.

दुसरं, सॅकच्या आत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी घाला, सामान तिच्यात, तोंडाला गाठ. कोरडं राहतं आणि हातातून सुटलीच तर सॅक तरंगते. झेरॉक्सचं म्हणाल तर घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात पसरते, दुकानातली लेझर प्रत टिकते. तीही झिपवाल्या पिशवीत. आधार, लायसन्स, गाडीचे कागद फोनवरच्या सरकारी डिजिलॉकर ॲपमध्ये ठेवा, सरकारी कामाला ते मूळ कागदासारखेच चालतात. पण फोन बंद पडला की डिजिलॉकरही बंद, म्हणून चार फोन नंबर कागदावर हाताने लिहा. मुलाचा नंबर पाठ नसलेले किती निघाले म्हणून सांगू. आणीबाणीचा ११२ आणि जिल्हा कंट्रोल रूमचा १०७७ त्याच कागदावर.

आता समा_सावली यांना. वर्दी मिळते, मान्य. पण ती सगळ्यांना एकाच वेळी कळते आणि सगळे एकाच वेळी धावतात. काकूंचा रिमोट हसण्यासारखा वाटतो, पण मी एका बाईंना कुकरची शिट्टी मुठीत घेऊन बोटीत बसलेलं पाहिलंय. त्या वेळी हात जे सापडेल ते उचलतात.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. पहिल्या मजल्यावर अडकलेल्या म्हाताऱ्या बायका दुसऱ्या दिवशी सुस्त पडायच्या. अन्न होतं, पाणीही होतं. पण संडास तुंबलेला, म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. मोठ्यांचे डायपर, सॅनिटरी पॅड आणि जुनं वर्तमानपत्र हे बिस्किटांच्या आधी भरा.

गोळ्यांचा_डबा

मी बत्तीस वर्षं वॉर्डात नोकरी केली, तेवढ्यापुरतंच बोलते.

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या सात दिवसांच्या वेगळ्या काढून ठेवायच्या, पण ‘ठेवून द्यायच्या’ नाहीत. दर महिन्याला औषधं आणली की नवीन पिशवीत टाकायची आणि पिशवीतली खायला घ्यायची. अशी पिशवी फिरती राहिली की तारीख उलटत नाही. काकूंचं चुकलं ते एवढंच. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये आणि एक प्रत कागदावर.

इन्सुलिनवाल्यांनी लाइट गेली म्हणून घाबरू नये. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं (आपल्या पाकिटावर पाहून घ्या), फक्त ऊन आणि उकाडा नको. मातीच्या माठाला बाहेरून ओलं फडकं, आत कोरड्या डब्यात पेन. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं.

ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या. पाणी उतरल्यावर सगळ्यांत जास्त माणसं तेव्हाच आजारी पडतात. लाइट आली की लगेच मोटर चालू करून जमिनीखालच्या टाकीतलं पाणी वर चढवू नका, त्या टाकीत गटार शिरलेलं असतं. आधी उपसा, घासा, ब्लीचिंग पावडर, मग मोटर. पायाला जखम असेल आणि त्या पाण्यातून चालला असाल, नंतर ताप आला, तर डॉक्टरला ‘पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे वाक्य आवर्जून सांगा. लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा) विचार मग तेच करतील.

दांडियाबाजारचे_नाना

आमच्याकडे पाणी येत नाही, गाव उंचावर. तरी माझी पिशवी आहे, चोवीस वर्षांपासून. २६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊ, परेडसाठी टीव्ही लावून बसलेलो, आणि भिंतीवरचं घड्याळ हलायला लागलं. केंद्र कच्छात भचाऊजवळ, पण इथे आम्ही तीन मजले अनवाणी उतरलो. खिडकीची काच फुटली होती, ती पायात घुसली. भूकंपाने मला काही केलं नाही, काचेने तीन टाके घातले.

तेव्हापासून पलंगाखाली पट्ट्याच्या चपला, चप्पलमध्ये टॉर्च. आणि ताई, शिट्टीला हसू नका. ओरडून गळा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी वाजतच राहते. ढिगाऱ्याखालूनही, आणि अंधारात बोट बोलवायलाही. दहा रुपयांची वस्तू आहे.

खायला सातूचं पीठ ठेवा. गूळ-पाणी घालून कालवलं की झालं, चूल नको, कवळीही नको. थेपले चार दिवस, खाखरे महिनाभर. बिस्किटांनी पोट भरत नाही हो.

बाकी, सासूबाईंचे टाक त्यांनाच सांभाळू द्या. त्या विसरणार नाहीत.

कारेलीबागची_काकू

सगळ्यांचे आभार. नाना, शिट्टीबद्दल माफी. काल न्यायमंदिराच्या बाजूला जाऊन दोन आणल्या. नातीने लगेच एक पळवली, म्हणजे आता तीन हव्यात.

बोटवाल्या दादांचं वाचून डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. मी आजवर घर सोडून दूर जायची तयारी करत होते, म्हणून होकायंत्राच्या याद्या वाचत होते. आम्हाला जायचंय कुठे? बत्तीस पायऱ्या वर, भाभींकडे. तेव्हा भाभींशीच बोलले. त्यांच्या अगाशीच्या जिन्याखाली रिकामी जागा आहे. पाण्याच्या बाटल्या, सातूचं पीठ, खाखरे, डायपर, जुनी चादर असं सगळं जड सामान एका पत्र्याच्या पेटीत आत्ताच वर नेऊन ठेवलं. त्यांनी त्यात सुखडीचा डबा टाकला, आणि तो पंधरा दिवसांनी मी संपवून नवीन भरायचा असं ठरलं. हे काम मी आनंदाने करीन.

खाली आता फक्त सॅक. दाराच्या मागे, छत्रीच्या खुंटीला, कपाटात नाही. गोळ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलायच्या, ह्यांच्या पेन्शनच्या दिवशी, म्हणजे विसरणार नाही. टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत. मशीनचे सेल, कवळीची वाटी, जुना चष्मा. दहा-वीसच्या नोटांमध्ये दीड हजार, दोन ठिकाणी. नंबरांचा कागद मी लिहिला तर ह्यांनी तो दुरुस्त केला, मुलाच्या नंबरात माझा एक आकडा चुकला होता. दहा वर्षांत मी तो कधी दाबलेलाच नाही, नुसतं नावावर बोट ठेवते.

आणि समा_सावली, तुमचंही ऐकलं. सिलिंडरला साखळी आणली आहे. फ्रिजचं मात्र तुम्हीच येऊन करा, चहा पाजते, दुधाचा.

ह्यांचं अक्षतेचं पालुपद चालूच आहे. पण काल रात्री खुंटीजवळ खुडबुड ऐकू आली. सकाळी पाहिलं तर बाजूच्या कप्प्यात इन्कमटॅक्सची फाइल, घडी घालून कोंबलेली, काळ्या पिशवीत गाठ मारून. मी काही बोलले नाही.

आज रद्दीवाला आला होता, त्याच्या काट्याला सॅक लटकवली. सहा किलो आठशे. ह्यांनी उचलली, जिना चढून दाखवला. मी पाठीला लावली तर पहिल्या मजल्यावर बसावं लागलं. फाइल काढायची की पॉवर बँक, एवढंच ठरायचं आहे.